अजून इथंच?

राजीनामा मी चार परिच्छेदांचा लिहिला होता. पहिल्यात कंपनीचे आभार, दुसऱ्यात साहेबांचे, तिसऱ्यात मशीन शॉपमधल्या सगळ्या ऑपरेटर मंडळींचे, आणि चौथ्यात ज्ञानाची ओढ माणसाला कुठून कुठे नेते याचं असं काही वर्णन होतं की वाचताना माझेच डोळे भरून आले. एचआरच्या मॅडमनी कागद हातातही घेतला नाही. "हे नको, पोर्टलवर टाका," म्हणाल्या. पोर्टलवर नोकरी सोडण्याच्या कारणांची यादी उलगडली: चांगली संधी, आजारपण, लग्न, स्थलांतर, उच्च शिक्षण, इतर. मी उच्च शिक्षणावर टिचकी मारली. चौथा परिच्छेद तिथेच संपला.

मॅडमनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि आवाज खाली आणून विचारलं, "कुठं लागलं?"

"लागलं नाही मॅडम. एमएसला चाललोय. जर्मनीला."

"हो हो," त्या म्हणाल्या. "सगळे तेच टाकतात."

त्यांचंही चुकत नव्हतं. चाकण एमआयडीसीत ही रीतच आहे. दुसऱ्या कंपनीत चाललो असं खरं सांगितलं की नोटीस पिरियडभर नाइट शिफ्ट लागते, इन्सेंटिव्ह अडकतो, कोणीतरी ओळख काढून नव्या कंपनीत फोन करतो. म्हणून शहाणा माणूस सरस्वतीला पुढे करतो. आमच्या क्वालिटीतला एकजण एमबीएला म्हणून गेला आणि पुढच्याच महिन्यात सणसवाडीच्या एका व्हेंडरचा माणूस म्हणून आमच्याकडे मीटिंगला आला. "काय, एमबीए कसं चाललंय?" या प्रश्नावर "चाललंय की" म्हणून त्यानं लॅपटॉप उघडला. अशा परंपरेत मी खरोखर शिकायला निघालो होतो, म्हणजे माझ्यावर विश्वास बसायचं काही कारणच नव्हतं.

आमच्या साहेबांनी तर ऐकल्याबरोबर गावही ठरवून टाकलं. "रांजणगाव ना?"

"नाही साहेब, माग्डेबुर्ग."

"किती देतायत?"

"ते देत नाहीत साहेब. मलाच खर्च आहे."

असा धंदा कोणी करत नसतो, अशा नजरेनं त्यांनी माझ्याकडे पाहिलं आणि दहा टक्के वाढवून देतो म्हणाले. खोटं कशाला बोलू, त्या रात्री मी कॅल्क्युलेटर काढला होता. दुसऱ्या दिवशी पुरावा म्हणून मोबाइलवर विद्यापीठाचं प्रवेशपत्र दाखवलं. वर मथळा होता: त्सुलासुंग्सबेशाइड. साहेबांनी चष्मा कपाळावर चढवून तो शब्द शेवटपर्यंत पाहिला. "बरीच मोठी पोस्ट दिसतेय," म्हणाले.

जर्मन मी शिकलो होतो हे मात्र खरं. पुण्यात जर्मन शिकणाऱ्यांना तोटा नाही. शनिवार-रविवारचे वर्ग भरलेले असतात आणि त्यात निम्मे चाकण-भोसरीचे. आपल्यासारखीच तीन लिंगं आहेत म्हटल्यावर मला वाटलं, हे आपल्याला सोपं जाणार. पण तिकडे चमचा पुरुष, काटा बाई आणि सुरी नपुंसक निघाली, आणि जेवायला बसलं तरी परीक्षेला बसल्यासारखं व्हायला लागलं. या विद्येचा उपयोग नोकरीत एकदाच झाला. जर्मन ग्राहकाचा ऑडिटर आला होता. तो माझ्या मशीनपाशी थांबताच मी पाठ केलेलं वाक्य टाकलं: आज हवा छान आहे, तुमचा प्रवास कसा झाला. तो खूश झाला, माझ्याजवळ आला, त्याची नजर माझ्या हातातल्या डिजिटल व्हर्निअरवर पडली आणि त्यानं स्वच्छ इंग्रजीत कॅलिब्रेशनचा स्टिकर दाखवायला सांगितलं. तारीख उलटून गेली होती. अहवालात एक एनसी, म्हणजे त्रुटीची नोंद, माझ्या नावावर पडली. मी गप्प उभा राहिलो असतो तर तो पुढच्या मशीनला गेला असता, असं साहेब पुढे वर्षभर सांगत होते.

त्या व्हर्निअरची गाठ पुन्हा पडायची होती.

नोकरी लागताना एक सही लागते, सुटताना नो ड्यूज फॉर्म लागतो. त्यावर स्टोअर्स, टूल क्रिब, आयटी, सेफ्टी, कँटीन, टाइम ऑफिस, अकाउंट्स अशा चौकटी असतात आणि प्रत्येकीत कोणाची तरी सही. आमच्या फॉर्मवर लायब्ररी नावाचीही एक चौकट होती. लायब्ररी म्हणजे पूर्वी ट्रेनिंग रूममधलं एक कपाट. कोविडात त्यात मास्क आणि सॅनिटायझरचे कॅन भरले गेले, पुस्तकं कुठे गेली ते कोणाला माहीत नाही, पण चौकट राहिली. शेवटी कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे होती त्या हाउसकीपिंगच्या मामांनी ग्रंथपाल म्हणून सही केली. करताना विचारलं, "पुस्तक बिस्तक न्हाई ना राहिलं तुमच्याकडं?" मी नाही म्हणालो. "मग झालं तर," म्हणाले. पूर्ण फॉर्मवर एवढं सरळ काम कुठेच झालं नाही.

सेफ्टी शूज मी शेवटच्या दिवशी सकाळीच जमा केले आणि तिथे फसलो. बूट जमा झाल्याची सही मिळाली. पण सेफ्टी शूजशिवाय शॉपमध्ये पाऊल टाकायचं नाही हा नियम चार वर्षं मीच लोकांना ऐकवत आलो होतो. दारावरच्या सिक्युरिटीनं मला अडवलं. ज्या लाइनचा डोळे भरून निरोप घ्यायचा होता ती मी पिवळ्या पट्ट्याच्या अलीकडून पाहिली.

आणि टूल क्रिबनं सही नाकारली. माझ्या नावावर 2019 साली दिलेला एक व्हर्निअर येणं होता. मी ड्रॉवर शोधला, लॉकर शोधला, फिक्स्चरच्या रॅकखाली टॉर्च मारून पाहिलं. किंमत हिशेबातून कापून घेऊ म्हणाले. ज्या माग्डेबुर्गला मी चाललो होतो तिथल्या विद्यापीठाला ओटो फॉन गेरिके यांचं नाव आहे. सतराव्या शतकात ते त्या गावचे नगराध्यक्ष होते आणि हवा खेचून घेणारा पंप त्यांनी केला. 1650 च्या दशकात त्यांनी तांब्याचे दोन अर्धगोल एकमेकांना लावले, आतली हवा पंपानं काढली आणि दोन्ही बाजूंना घोडे जुंपले. घोड्यांनी जीव काढला तरी अर्धगोल सुटेनात. झडप उघडून हवा आत सोडली की मात्र तेच दोन तुकडे हातानं वेगळे होतात. मला कंपनीपासून सोडवायला राजीनामा, नोटीस, ईमेल, स्मरणपत्रं असे सगळे घोडे जुंपून झाले होते. झडप अखेर साहेबांच्या टेबलाच्या वरच्या खणात सापडली. ऑडिटच्या दिवशी "यापुढे हा माझ्याकडेच राहील" म्हणून त्यांनी तो व्हर्निअर ठेवून घेतला होता आणि त्यानं ते पाकिटं फोडत असत.

माझ्या जागेवर बारामतीकडचा एक डिप्लोमा ट्रेनी दिला होता. मी सोडून गेलो की लाइन तीन दिवसांत बसणार, असा माझा हिशेब होता. मी त्याला माझी एक्सेल शीट समजावून सांगायला आठवडा राखून ठेवला होता, मंगळवारी दुपारी तो म्हणाला, "सर, यातले तीन कॉलम कशालाच लागत नाहीत, काढू का?" काढले. शीट लवकर उघडायला लागली. मी गेल्यावर कंपनीतून मला एकच फोन आला, आणि तो लाइन बंद पडल्याचा नव्हता. सायकल स्टँडवर माझं हेल्मेट राहिलंय, ते कोणाला दिलं तर चालेल का, असं विचारत होते.

सेंडऑफ कँटीनमध्ये झाला. शाल, श्रीफळ आणि पितळेचा गणपती. मी स्वतःहून सोडून चाललो होतो, तरी नारळ मिळायचा राहिला नाही. अठ्ठाविसाव्या वर्षी शाल अंगावर पडली की पेन्शनच्या कागदांवरही सही करून टाकावी असं वाटायला लागतं. सगळ्यात जुने ऑपरेटर बोलायला उठले. गहिवरून म्हणाले, "आमचे साहेब कुठंही गेले, अगदी रांजणगावला गेले, तरी आम्हाला विसरणार नाहीत." टाळ्या पडल्या. मी उत्तरादाखल भाषण केलं. त्यात जर्मनी हा शब्द बऱ्याच वेळा घेतला. दर वेळी मागच्या बाकावरून कोणीतरी खोकत होतं.

हे सगळं 2023 च्या ऑगस्टअखेर. खोली सोडली, गादी वॉचमनला दिली, बाइक शिक्रापूरच्या मावसभावाला विकली आणि कराडला घरी आलो. सप्टेंबरच्या मध्यावरचं विमानाचं तिकीट हातात होतं. स्वस्त मिळालं म्हणून आधीच काढलं होतं. व्हिसा तेवढा यायचा होता.

कागदपत्रांचा मार मी आधीच खाऊन बसलो होतो. जर्मनीत शिकायला जाणाऱ्या भारतीय विद्यार्थ्यांच्या पदव्या तपासण्यासाठी नोव्हेंबर 2022 पासून एपीएस नावाचा दाखला सक्तीचा झाला. त्याची फी 18 हजार रुपये. पदवी माझीच, मिळवलेली मीच, आणि ती खरी आहे हे कळायला मला 18 हजार मोजावे लागले. त्यात नावाचा घोळ. मार्कलिस्टवर आडनाव पुढे, पासपोर्टवर मागे. शाळेच्या दाखल्यात वडिलांच्या नावाला 'राव' लावलेलं, आधारवर नाही. त्यासाठी तहसील कचेरीबाहेरच्या नोटरीकडे शंभराच्या स्टँपवर प्रतिज्ञापत्र करून घेतलं की हे सगळे वेगवेगळे दिसणारे इसम एकच असून तो मी आहे. "नक्की ना?" असं नोटरींनी सवयीनं विचारलं. इतके कागद पाहिल्यावर मलाही जरा खात्री वाटेना.

मग ब्लॉक्ड अकाउंट. तिथल्या सरकारी विद्यापीठांत बहुतेक ठिकाणी शिकवणीची फी नसते, पण वर्षाच्या खाण्याराहण्याचे पैसे आधीच तिकडच्या खात्यात भरून दाखवावे लागतात. त्या वर्षी तो आकडा 11,208 युरो होता, म्हणजे दहा लाखांच्या आसपास. ते पैसे एकदम काढता येत नाहीत. तेव्हा महिन्याला 934 युरो सुटायचे. हे अण्णांना, म्हणजे वडिलांना, समजावून सांगताना माझी बरीच ओढाताण झाली. चाळीस वर्षं मास्तरकी केलेल्या माणसाला अर्धवट उत्तर चालत नाही.

"पैसे कुणाचे?"

"आपले."

"आणि ते आपल्याला हप्त्यानं देणार?"

"हो."

"व्याज?"

"ते नाही. उलट खातं ठेवायची फी आहे."

अण्णांनी वर्तमानपत्र पुन्हा डोळ्यांसमोर धरलं. "सावकार बरा होता," एवढंच म्हणाले. त्यात तेव्हा शिक्षणासाठी परदेशी पैसे पाठवताना 7 लाखांच्या वरच्या रकमेवर 5 टक्के कर आधीच कापत असत, हे मी त्या दिवशी सांगितलंच नाही.

चुलत्यांनी वेगळीच जखम उघडली. ते जिल्हा परिषदेच्या वित्त विभागातून निवृत्त झालेले. कोणाचीही नोकरी म्हटली की ते प्रथम ग्रॅच्युइटी काढतात. "किती वर्षं झाली?" चार पूर्ण, वर दोन महिने. "आणि कायदा?" तेव्हा लागू असलेला 1972 चा कायदा पाच वर्षं सलग नोकरी मागत असे, हे मला माहीत होतं. त्यांनी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मांडलं: बेसिक 22 हजार, गुणिले 15, भागिले 26, गुणिले 5. उत्तर 63 हजार 461 आलं. त्याखाली दोन रेघा मारल्या. "दहा महिन्यांसाठी," ते म्हणाले आणि बराच वेळ काही बोलले नाहीत. घरात एखादी व्यक्ती गेल्यावर बसतात तसे सगळे बसून होतो. शेवटी आईनं चहा ठेवला.

या सगळ्यात केळवणं चालू होती. केळवण खरं लग्नाच्या मुलाचं करतात. पण माझं लग्न दृष्टिपथात नसल्यामुळे नातेवाइकांनी जर्मनीवर भागवून घेतलं. आत्याकडे पुरणपोळी, मावशीकडे श्रीखंड, मामांकडे तांबडा-पांढरा. प्रत्येक घरून निघताना पाकीट. प्रत्येक घरी वाकून नमस्कार, आणि प्रत्येक घरी तोच प्रश्न की तिकडं भाकरी मिळत असंल का. मी भारावून गेलो होतो. मी लांबच्या प्रवासाला निघालेला माणूस होतो. लोक माझ्याकडे जरा जपून पाहत होते, मलाही माझ्याविषयी आदर वाटायला लागला होता.

विमानाची तारीख आली आणि गेली. व्हिसा आला नाही.

काही आठवडे लागतील असं सांगितलं होतं. किती, ते सांगितलं नव्हतं. तिकीट पुढे ढकललं. त्यासाठी जो दंड भरला त्यात स्वस्त तिकीट बाजारभावाच्या वर गेलं. 19 सप्टेंबरला गणपती बसले. आरतीला आत्या आली, तेव्हा टाळ वाजवायला मीच उभा होतो. तिची आरती "सुखकर्ता"वरच थांबली.

"अगं बाई! तू गेला न्हाईस व्हय अजून?"

निरोप घेतलेल्या माणसानं परत दिसू नये, हे मला तिच्या चेहऱ्यावरून कळलं. तिला माझा राग नव्हता, पण हिशेब लागत नव्हता. पुरणपोळी झाली, पाकीट झालं, डोळ्यांतून पाणी काढून झालं; आता हे परत करायचं म्हटलं तर किती वेळा? मी पाकिटं परत द्यावीत का, असं आईला विचारलं. ती म्हणाली, "गप बस. तू गेल्यावर त्यांच्या घरी मुंजी-बारशी निघतील तेव्हा तीच द्यायचीत मला."

मग मी लपायला लागलो. कराडात संध्याकाळी फिरायला जायचं तर प्रीतिसंगमावर. कृष्णा-कोयनेचा संगम, घाट, यशवंतराव चव्हाणांची समाधी, आणि अर्धं गाव. त्या अर्ध्या गावानं मला निरोप दिलेला. म्हणून मी पहाटे जायला लागलो. पहाटे तिथे निवृत्त शिक्षक असतात, हे माझ्या लक्षात आलं नव्हतं. अण्णांचे सगळे मित्र रांगेनं हात पुढेमागे करत व्यायाम करत होते. माझ्याकडे पाहताच हात थांबले.

"काय रे, कधी आलास?"

"गेलोच नाही काका अजून."

"म्हणजे परत पाठवलं?"

"नाही, व्हिसा यायचाय."

"व्हिसा आल्याशिवाय नोकरी सोडलीस?" असं विचारून त्यांनी एकमेकांकडे पाहिलं आणि व्यायाम पुढे चालू केला. माझ्या आयुष्याचं याहून थोडक्यात परीक्षण कोणी केलेलं नाही.

पितृपक्ष लागला. आजीनं देवाला सांगून ठेवलं होतं की या पंधरवड्यात पोराचा व्हिसा येऊ देऊ नकोस. नाही आला. आजीचं वजन वर कुठपर्यंत आहे हे तेव्हा समजलं. तिकडे माग्डेबुर्गला ऑक्टोबरात तास सुरू झाले. उशिरा आलात तरी चालेल, पण ठरलेल्या तारखेच्या आत या, असा मेल आला. मी तो रोज वाचत होतो, जणू वाचून तारीख पुढे जाणार होती.

याच दिवसांत रिलीव्हिंग लेटरसाठी चाकणला जावं लागलं. मॅडम म्हणाल्या, तयार आहे, सही राहिलीय. तिथून शिक्रापूरला गेलो, कारण बाइकच्या 29 आणि 30 नंबरच्या फॉर्मवर सह्या करायच्या राहिल्या होत्या. आता शिक्रापूर म्हणजे चाकणहून निघालेला रस्ता नगर रोडला मिळतो ते ठिकाण, आणि नगर रोडनं थोडं पुढे गेलं की रांजणगाव. दुपारची वेळ. मी चौकात मावसभावाची वाट बघत उभा. पाठीला सॅक, अंगात इस्त्रीचा शर्ट, कारण एचआरला भेटायला गेलो होतो. एक पांढरी गाडी पुढे जाऊन थांबली आणि रिव्हर्समध्ये माझ्याकडे आली. काच खाली झाली. आत साहेब.

"काय," साहेब प्रेमानं म्हणाले, "सेकंड शिफ्ट का?"

"साहेब, मी बाइकच्या सह्यांसाठी..."

"अरे असू दे, असू दे. मला वाईट वाटलेलं नाही."

"खरंच साहेब. जर्मनीचा व्हिसा यायचाय."

"मग पासपोर्ट दाखव बरं," साहेब हसत म्हणाले.

पासपोर्ट व्हिसासाठी जमा केलेला असतो, तो परत येतो तोच शिक्का होऊन. हे मी त्यांना सांगितलं आणि सांगता सांगता मलाच कळलं की माझ्या तोंडचं प्रत्येक खरं वाक्य थापेसारखं ऐकू येतंय. "चांगली कंपनी आहे ती," साहेब म्हणाले. "कँटीन पण बरं आहे. सोडू का गेटवर?" संध्याकाळपर्यंत शॉपच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर बातमी होती. मी ग्रुपमधून बाहेर पडलो नव्हतो, त्यामुळे ती मलाही मिळाली. खाली बावीस अंगठे होते.

घरी बॅगा भरून दाराशी उभ्या होत्या आणि दर आठवड्याला त्या उघडाव्या लागत होत्या, कारण आत खायचं होतं. पहिल्या खेपेची भाजणी मला कराडातच थालीपीठ करून घातली. लोणचं मी आणि अण्णांनी संपवलं. दुसरी खेप तयार झाली. प्रत्येक खेपेनंतर बॅगा आळीच्या तोंडाशी असलेल्या भुसाराच्या दुकानात काट्यावर ठेवायच्या. दोन बॅगा, प्रत्येकी 23 किलोच्या आत. शेठ पोती बाजूला करून जागा करून द्यायचे आणि आकडा मोठ्यानं वाचायचे, म्हणजे गिऱ्हाइकांनाही कळे. "पंचवीस चारशे. काय काढायचं?" मग तिथेच, तुरडाळीच्या पोत्यावर, बॅग उघडायची. कुकर, गोडा मसाला, कांदा-लसूण मसाला, मेतकूट, बनियन, थर्मल, पितळी गणपती. दुकानातला प्रत्येक माणूस मत देत होता. एका आजोबांचं म्हणणं पडलं की पुस्तकं काढावीत.

तूप काढायला आई तयार नव्हती. युरोपीय संघात बाहेरच्या देशातून दूध आणि मांसाचे पदार्थ सामानात आणता येत नाहीत, आणि तूप दुधात मोडतं, हे मी तिला वाचून दाखवलं. "तुपानं कुणाचं वाईट झालंय?" हा तिचा प्रश्न जगातल्या कुठल्याही सरकारला देता येईल. मग तिनं खोबऱ्याच्या वाट्या काढल्या: हे तर दूध नाही ना? नाही, पण विमानवाल्यांच्या धोकादायक मालाच्या यादीत सुक्या खोबऱ्याला यूएन 1363 असा नंबर आहे, आणि तो स्वतःहून पेट घेऊ शकणाऱ्या मालाच्या वर्गात येतो. हे ऐकून शेठनी स्वतःच्या खोबऱ्याच्या पोत्याकडे चमकून पाहिलं. आई म्हणाली, "तीस वर्षं डब्यात ठेवतीय. एकदा पेटलं न्हाई." गंमत अशी की ओल्या नारळाला युरोपात मोकळं रान आहे. बाहेरून येणाऱ्या फळांना रोग नसल्याचा दाखला लागतो, त्यातून अननस, नारळ, ड्युरियन, केळी आणि खजूर एवढ्यांना सूट आहे. म्हणजे सेंडऑफचा नारळ मला बिनदिक्कत नेता आला असता. पण त्याची आईनं गौरीच्या जेवणाला चटणी वाटली होती.

दसरा झाल्यावर त्याच आठवड्यात पासपोर्ट परत आला. शिक्का बघायला आत्याला बोलावलं, ती म्हणाली, "आता जा बाबा लवकर." मुंबईच्या विमानतळावर सोडायला अण्णा आणि मावसभाव एवढेच आले होते, दुसऱ्यांदा निरोप द्यायचा उत्साह कोणातच उरला नव्हता आणि तो मागायचं तोंड मला नव्हतं. दिवाळी माग्डेबुर्गला झाली. एल्ब नदीच्या काठी उभा राहून फोटो काढला, मागे कॅथेड्रलचे दोन मनोरे येतील असा, आणि साहेबांना पाठवला. उत्तर आलं: "छान. हल्ली मोबाइलमध्ये बॅकग्राउंड बदलता येतं म्हणे."

रिलीव्हिंग लेटर डिसेंबरात ईमेलनं आलं. त्यात सोडण्याचं कारण छापलंय: चांगली संधी.

आता इथे मी वर्गात वयानं सगळ्यात मोठ्यांपैकी आहे, 934 युरो महिन्याच्या महिन्याला येतात, सव्वीस तारखेला संपतात, आणि तीन लिंगं अजून चुकतात. तेव्हा वाचणाऱ्यांपैकी कोणी मुंबईहून बर्लिनकडे येणार असेल आणि बॅगेत दोन किलोची जागा असेल, तर कराडला आमच्या घरी भाजणीचा डबा भरून तयार आहे. आई तूपही देईल. घेऊ नका.